चरखेवाल्या बुढीचा शेवट

नाचणगावात जयवंताबाईचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी हसतं. हसणाऱ्यांत कालपरवा लग्न होऊन आलेल्या सुनासुद्धा असतात, ज्यांनी तिला कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. गावानं तिची एक गोष्ट करून ठेवली आहे: ती थापाडी होती, तिनं टॉकीजच्या मालकाला आणि सगळ्या गावाला फसवलं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मला त्या हसण्याचा राग येतो. राग यायचा हक्क मला कितपत आहे ते पुढे कळेलच, पण येतो हे खरं.

जयवंता ही नत्थूजींची धाकटी बहीण. तिला आष्टीकडे दिली होती. सात वर्षांनी नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका सकाळी एसटीत बसवून दिलं, दिवाळीनंतर घ्यायला येतो म्हणून. तो आला नाही. नत्थूजी माणूस बरा, पण घर होतं आनंदाबाईचं, म्हणजे भावजयीचं. आनंदाबाईनं नणंदेला एक दिवस उपाशी ठेवलं नाही आणि एक दिवस विसरू दिलं नाही की ती कुणाचं खाते आहे. भाकरीबरोबर दोन शब्द वाढल्याशिवाय त्या बाईचा हात तव्यावरून उठत नसे. शेवटी जयवंतानं पुलगावच्या टॉकीजमध्ये काम धरलं. नाचणगावाहून चालत जायचं, चालत यायचं.

तेव्हा टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी होती. दार वेगळं, मध्ये कमरेएवढी भिंत. बायकांच्या दारावर बाईच उभी लागायची. तिकीट फाडायचं, "मांडीवरचं लेकरू हाये" म्हणत आठ वर्षांचा घोडा आत घुसवणारीशी भांडायचं, रडकं पोर घेऊन बाहेर येणारीला दार उघडायचं आणि परत आत घ्यायचं. आठ वर्षं तिनं हे काम केलं, आणि आठ वर्षांत एकही सिनेमा तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला नाही. दार उघडेल तेवढा तुकडा दिसायचा. बाकीचा सिनेमा ती पाठमोरी उभी राहून कानांनी पाहायची.

आणि तरी दुसऱ्या दिवशी विहिरीवर अख्खा सिनेमा सांगायची तीच! तुकड्याला तुकडा असा जोडायची की सांधा दिसू नये. माझी आई, लीलाबाई, तिकीट काढून सिनेमा पाहून आलेली असायची, तीही कळशी बाजूला ठेवून ऐकत बसायची. म्हणायची, "जयवंताच्या तोंडून आयकला का मंग पैशे वसूल होतेत."

भुलाबाईच्या महिन्यात, म्हणजे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, तर तिच्याशिवाय आमचं पान हलत नसे. भुलाबाई बसवल्या की आम्ही पोरी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचो. प्रत्येक घरी गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणून हलवायची आणि आतली खिरापत आम्ही ओळखायची. ओळखली तर पोरींचा विजय, नाही ओळखली तर त्या बाईला वर्षभर मिरवायला मोकळीक. जयवंता आमच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठी, पण माहेरवाशीण म्हणून आमच्यातच उभी राहायची. डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "खोबरं वाटते, पन खोबरं भुलवून राह्यलं. खारका हायत. बारीक केल्या हायत." डबा उघडला की खारकाच! गावातल्या बायकांनी तिच्यावर मात करायला काय काय केलं. डब्याला आतून फडकं लावलं, साखरफुटाण्यांत राळं मिसळलं. ती हरली नाही.

सत्त्याहत्तर सालच्या भुलाबाईत टॉकीजच्या काचेच्या कपाटात ते आठ फोटो लागले. एरवी येणाऱ्या सिनेमाचे फोटो म्हणजे नट, नटी, मोटार, मारामारी. हे फोटो सगळे हातानं काढलेले, रंगवलेले. माणसं चित्रांतली, झाडं चित्रांतली, उंदीरसुद्धा कपडे घातलेले. वर पट्टी होती, 'लवकरच'. राजकन्येचा सिनेमा, परदेशात तयार झालेला, हिंदीत बोलणारा, आणि सगळा चित्रांचा! चित्रं चालणार कशी, यावर शाळेत मधल्या सुट्टीत मारामाऱ्या झाल्या. कुणी म्हणे एक माणूस पडद्यामागे बसून भराभर कागद उलटतो. कुणी म्हणे चित्रांच्या आत दिवे असतात. एका पोरीची मावशी नागपूरला राहायची, तिनं म्हणे तो पाहिला होता, आणि त्यातले उंदीर संपल्यावर पडद्यातून उतरून पळाले. आम्ही त्या मावशीची गावात वाट पाहिली. ती आली तेव्हा कळलं की तिनं आयुष्यात टॉकीजची पायरी चढलेली नव्हती.

फोटोंत एक बुरूज होता, त्याला दार नव्हतं. निळ्या झग्यातली राजकन्या होती, घोड्यावरचा राजपुत्र होता, राजा-राणी, हंस, दोन उंदीर, एक अरुंद पूल. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, एका लहानशा खोलीत चरख्यापाशी बसलेली एकटी म्हातारी.

ती म्हातारी पाहिल्याबरोबर आम्ही सगळ्यांनी, लहानथोरांनी, एकच गोष्ट धरली की ही चांगली. विचारसुद्धा केला नाही. शाळेत आम्हाला टकळीचा तास होता. सेवाग्राम तासाभराच्या वाटेवर. खादीचं लुगडं नेसून सूत काढणाऱ्या बाईला आमच्याकडे लोक वाकून नमस्कार करायचे. चरख्यापाशी बसलेलं माणूस वाईट असू शकतं, हे वर्धा जिल्ह्यात आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

जयवंतानं त्या आठ फोटोंची गोष्ट केली. ती अशी. ही बुढी कुणाचीच नव्हे. कुणीतरी तिला आणून त्या बुरुजात सोडलं, घ्यायला येतो म्हणाला आणि दार बुजवून टाकलं. ती सूत कातत राहिली. मग एक दिवस राजानं आपली लेकही त्याच बुरुजात टाकली, आणि बुढीनं तिला जीव लावला. उंदरांनी कापूस आणून दिला. बुढीनं इतकं सूत कातलं, इतकं कातलं, की त्याचा पूल झाला. त्या पुलावरून राजकन्या बाहेर पडली आणि राजपुत्राला भेटली.

"अन बुढी?" आम्ही विचारायचो.

"बुढीचं मले मालूम नाई."

"ओळख न व आत्या!"

"नाई. खिरापत वळखता येते. हे नाई वळखत मी. हे मी डोळ्यानं पाह्यीन."

तिनं शेवट सांगितला नाही. हे मी ठासून लिहिते आहे, कारण गावात उलटं सांगतात. शेवट आम्हीच लावले. दोन वर्षं लावले, कारण ते 'लवकरच' दोन वर्षं टिकलं. सिनेमाच्या रिळांची पेटी अमरावतीहून यायची म्हणे, आज येते, उद्या येते. उन्हानं फोटो उडाले, राजकन्येचा निळा झगा पांढरा पडला. आमचे मात्र तट पडले होते. एक तट म्हणे बुढी मरते आणि चांदणी होते. दुसरा म्हणे राजकन्या तिला सासरी घेऊन जाते. माझं म्हणणं होतं की ती राणी होते. का, ते मला सांगता यायचं नाही, पण माझा शेवट सगळ्यांत भारी आहे अशी माझी खात्री होती. आणि माझं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर मी एक युक्ती केली. मी म्हणायला लागले, "आत्यानंच सांगतलं मले, एकटीले." मग सगळ्या गप्प बसायच्या.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यानंतर खरंच पेटीचा निरोप आला. टॉकीजचे मालक भैयाजी. त्यांचं धान्याचं दुकानही होतं आणि सिनेमाही ते पोत्यात हात घालून पाहिल्यासारखाच पारखायचे. जयवंताच्या गोष्टीची हवा पंचक्रोशीत पसरली आहे हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी तिला बोलावलं.

"बाई, हे तुमची ष्टोरी बापूरावले सांगा. भोंग्यावर घेऊ. बाया टुटून पडतीन."

बापूराव म्हणजे रिक्षात भोंगा बांधून गावोगाव सिनेमाची दवंडी देणारा माणूस. जयवंता म्हणाली, "सांगते. पन शेवट मले मालूम नाई, थो नाई सांगत. अन मले एक पाह्यजे, भैयाजी. हा पिच्चर मी खुर्चीवर बसून पाह्यीन. पयल्या पाटीपासून शेवटच्या पाटीवरी."

"अरे, इतकंच? बसजा न बाप्पा! दारावर कोनालेबी उभं करा."

दारावर उभं राहायला तिनं आनंदाबाईला तयार केलं. चार दिवस घरी बसून तिला शिकवलं, अर्धं तिकीट कुठं फाडायचं, मांडीवरचं लेकरू कसं ओळखायचं. नणंद-भावजयीचं इतकं बोलणं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. मी जयवंताला इतकी खुशीत कधीच पाहिली नाही. एका सिनेमासाठी काय एवढं, असं वाटेल कुणाला. वाटू दे. जिला जन्मात काही सबंध मिळालं नाही, तिला ते वाटणार नाही.

बापूराव भोंगा घेऊन नाचणगावात आला तेव्हा आम्ही विहिरीपाशी होतो. त्यानं रिक्षा थांबवली आणि विचारलं, "काय व पोट्ट्याहो, बुढीचं पुढं काय होते? जयवंताबाईनं काई सांगतलं का?"

"रानी होते," मी म्हणाले. "आत्यानंच सांगतलं."

त्यानं तिथल्या तिथं भोंग्यात तोंड घातलं. "चरखेवाली माउली अखेर राणी कशी झाली! माताभगिनींनी, लेकराबाळांनी एकदा अवश्य पाहा!" चार दिवस ही दवंडी पुलगाव, नाचणगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांतून फिरली. जयवंतानंही ती रस्त्यानं चालताना ऐकली. संध्याकाळी आम्हाला विचारलं, "त्याले हे कोनं सांगतलं व?" तिनं आमच्याकडे पाहिलं, मग उगीच हसली आणि म्हणाली, "झाली त झाली रानी. कोन जाने, होतबी असंन." पुढचे दोन दिवस ती तेच म्हणत राहिली. होतबी असंन. मी खोटं बोलले होते आणि ती त्याच्यावर आशा ठेवून बसली होती.

रविवारी तीनचा खेळ. बायकांची बाजू अशी भरली की मधल्या भिंतीवरही पोरं बसवली. नाचणगावच्या म्हाताऱ्या देवाच्या सिनेमाला आल्यासारख्या आल्या, पाच-सहा जणींनी चपला दाराबाहेर काढल्या. आनंदाबाई ठसक्यात तिकिटं फाडत होती. जयवंता तिसऱ्या रांगेत बसली, इरकली लुगडं नेसून. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी आई. नावांची पहिली पाटी लागली तशी तिनं माझा हात धरला.

चित्रं चालली. खरंच चालली! झाडं हलत होती, उंदीर गात होते. अर्धा तास मी श्वास घ्यायला विसरले. मग बुढी आली. ती आली आणि वाजंत्री बदलली. तिचा आवाज घोगरा, नाक वाकडं, नखं लांब.

"घसा बसला असंन," जयवंता कुजबुजली.

बुढीनं राजकन्येला बुरुजात कोंडलं. "परीक्षा पाहून राह्यली तिची." बुढीनं सुताचे साप केले. "राजाले भेवाडाले करते." राजकन्या रडत होती आणि बुढी हसत होती. माझा हात जयवंतानं केव्हा सोडला, मला कळलं नाही. शेवटी राजपुत्रानं तलवारीनं सूत तोडलं, आणि बुढी चरख्यासकट बुरुजावरून खाली पडली. सगळ्या टॉकीजनं टाळ्या वाजवल्या. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. राजकन्येचं लग्न लागलं. जयवंता शेवटची पाटी लागेपर्यंत बसून होती. शब्दाची पक्की बाई.

बाहेर गलका झाला. चपला काढून आत गेलेल्या म्हाताऱ्या सगळ्यांत जास्त पेटल्या होत्या. "चेटकिनीले हात जोडले आमी! लेकरायले दाखवाले आनलं!" कुणी पैसे परत मागत होतं. भैयाजी गल्ल्याच्या खिडकीतून बाहेर आले आणि त्यांनी सरळ जयवंताकडे बोट केलं.

"माह्यावर काऊन येता? ष्टोरी या बाईची हाये. मी फक्त भोंगा वाजवला."

"शेवट मी नाई सांगतला," जयवंता म्हणाली. "तुमाले मी म्हनलं होतं, शेवट मले मालूम नाई."

बापूराव म्हणाला, "मले पोट्ट्यायनं सांगतलं. जयवंताबाईनंच सांगतला म्हनून सांगतलं."

"कोन्या पोट्टीनं?"

मी आईच्या पदराआड होते. सगळ्या पोरी माझ्याकडे पाहायला लागल्या. आईनं खाली वाकून विचारलं, "शोभे, आत्यानंच सांगतलं होतं न तुले?" आणि मी मान हलवली. हो म्हणून.

जयवंतानं माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलते आहे हे तिथं तिला एकटीला पक्कं ठाऊक होतं. बोलली आनंदाबाई. "घरीबी अशीच हाये थे. एकाचं दोन करते." भैयाजींना कुणाचा तरी बळी द्यायचाच होता, तो आयता मिळाला. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्यापासून दारावर हे तुमची भावजय राहीन. काम शिकली हाये थे आजच्यानं." आनंदाबाईनं पदर सावरला. नाही म्हणाली नाही. पुढची नऊ वर्षं तर मी मोजली आहेत, तोवर ती तिथंच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून पोट्टे जयवंताला चेटकीण म्हणायला लागले. आधी लांबून, मग जवळून. विहिरीवर ती आली की बायका कळशा उचलायच्या. पुढच्या भुलाबाईला तिला कुणी बोलावलं नाही, आणि त्या वर्षी पहिल्यांदा गावातल्या बायका जिंकल्या. काय तो आनंद झाला त्यांना! डबे उघडून उघडून दाखवत होत्या. त्यानंतर ती गाव सोडून गेली. कुठं गेली ते नत्थूजीलाही नीट सांगता आलं नाही, किंवा त्यानं सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीत मला आष्टीला शाळेत नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात बाजाराच्या दिवशी मी तिला पाहिलं. कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेत ती कामाला होती आणि बारकी, डागी संत्री पोत्यावर मांडून विकत होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला आधी ओळखलं. "लीलाबाईची शोभा न तू? मास्तरीन झाली म्हने." आईची चौकशी केली, नत्थूजीची केली, आनंदाबाईचीही केली.

मी पोत्यासमोर खाली बसले. नऊ वर्षं मनात घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं. "आत्या, तो शेवट मी सांगितला होता बापूरावला. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मी खोटी मान हलवली."

"मले मालूम हाये."

"मला माफ कर."

"पोट्टी होती तू. भेली. लेकरं भेतात तवा खोटंच बोलतात." तिनं दोन संत्री माझ्या पिशवीत टाकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटले, असं मला वाटलं, हे आता कशाला लपवू. किती स्वस्तात सुटले!

मग ती म्हणाली, "पन एक सांग शोभे. थे बुढी वरून पडली, तवा तू माह्या बाजूले बसली होती. तू टाळ्या वाजवल्या. उभी राहून वाजवल्या. थे काऊन व?"

वर मी सगळ्या टॉकीजनं टाळ्या वाजवल्या असं लिहिलं आहे. त्या टाळ्यांत माझ्याही होत्या. दोन वर्षं त्या बुढीला राणी करत होते मी, आणि ती पडली तेव्हा मला आनंद झाला होता.

जयवंताच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरोखरच कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायचं होतं. तिनं थोडी वाट पाहिली, आणि मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला किती संत्री पाहिजेत म्हणून विचारलं.